क्युबा, १९६२ : सौदा झाला होता, मग तो लपवला का?

कंदीलवाला (धागाकर्ता)

शीतयुद्धावरचे आपले धागे तिसऱ्या प्रतिसादाला "अमेरिका चांगली की रशिया" इथे पोचतात आणि पाचव्याला नेहरूंवर. म्हणून या वेळी मुद्दाम एकच प्रसंग घेतोय, त्यातलाही मुख्यतः एकच दिवस: शनिवार, २७ ऑक्टोबर १९६२.

आपण ऐकलेली गोष्ट अशी. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने चोरून क्युबात अण्वस्त्रं नेली, केनेडींनी नाकेबंदी केली आणि ठाम राहिले, ख्रुश्चेव्ह टरकला आणि सगळं गुंडाळून घेऊन गेला. त्यावर परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांच्या वाक्याची मोहोर: आम्ही डोळ्याला डोळा भिडवून होतो आणि समोरच्याची पापणी आधी लवली. हे वाक्य २४ ऑक्टोबरचं. पण क्षेपणास्त्रं नेणारं 'किमोव्स्क' जहाज त्या वेळी नाकेबंदीच्या रेषेच्या आसपासही नव्हतं. ते आदल्याच दिवशी माघारी वळून शेकडो मैल लांब गेलं होतं. त्या क्षणी समोर कोणीच नव्हतं, डोळे भिडवणार कोणाला?

थोडी उजळणी. १४ ऑक्टोबरला यू-२ या अमेरिकी हेरगिरीच्या विमानाने सान क्रिस्तोबालजवळचे फोटो काढले, १६ला सकाळी ते केनेडींच्या हातात पडले, २२ला संध्याकाळी त्यांनी टीव्हीवरून जगाला सांगितलं. मधले दिवस बंद दाराआड भांडणात गेले. हवाई दलाचे प्रमुख जनरल लमे तर राष्ट्राध्यक्षांच्या तोंडावर म्हणाले की नाकेबंदी म्हणजे जवळजवळ म्युनिकच, १९३८ मध्ये हिटलरपुढे नमले तसं.

आता तो शनिवार. आदल्या रात्री आलेल्या ख्रुश्चेव्हच्या पत्रात, गाठ मारलेला दोर दोघांनी दोन बाजूंनी ओढू नये, नाहीतर तो तोडावा लागेल, अशी विनवणी होती. सकाळी मॉस्को रेडिओवरून दुसरं पत्र आलं, सूर एकदम कडक: आम्ही क्युबातली काढतो, तुम्ही तुर्कस्तानातली काढा. तुर्कस्तानात अमेरिकेची १५ ज्युपिटर क्षेपणास्त्रं होती, सोव्हिएत प्रदेश त्यांच्या टप्प्यात होता. त्याच दिवशी पूर्व क्युबावर मेजर रुडॉल्फ अँडरसनचं यू-२ पाडलं गेलं आणि तो मारला गेला. हुकूम मॉस्कोचा नव्हता, क्युबातल्या सोव्हिएत अधिकाऱ्यांनी परस्पर दिला होता. दुसरं एक यू-२ अलास्काहून निघालेलं, वाट चुकून थेट सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि मिग विमानं त्याच्या मागे लागली. दोन्ही राजधान्यांत कोणीही युद्धाचा हुकूम दिलेला नसताना हे सगळं चाललं होतं.

संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांचे भाऊ आणि न्यायखात्याचे प्रमुख रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत दोब्रीनिन यांना न्यायखात्याच्या आपल्या कचेरीत बोलावलं. क्युबावर हल्ला करणार नाही हे वचन जाहीर देऊ, म्हणाले. तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रंही चार-पाच महिन्यांत हलवू, पण त्याबद्दल एक अक्षर बाहेर फुटता कामा नये. दोन दिवसांनी दोब्रीनिन त्याचा उल्लेख असलेलं ख्रुश्चेव्हचं पत्र घेऊन आले, तर रॉबर्टने ते परत केलं. कागदच नको! एप्रिल १९६३ मध्ये ज्युपिटर खरोखर हलवली गेली.

हे ठाऊक होतं आठ-नऊ जणांना. उपराष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सनना नाही. तुर्कस्तानलाही नाही. रॉबर्ट केनेडींच्या डायऱ्यांवरून त्यांच्या मृत्यूनंतर १९६९ मध्ये पुस्तक निघालं, त्यातून हा भाग गाळला गेला, आणि आपणच तो गाळला हे केनेडींचे सल्लागार आणि भाषणलेखक टेड सोरेन्सन यांनी १९८९ मध्ये मॉस्कोतल्या परिषदेत कबूल केलं. तोवर सगळं जग पापणीची गोष्ट सांगत राहिलं.

मला यातली सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे ॲडलाय स्टीव्हन्सन यांचं काय केलं ती. संयुक्त राष्ट्रांतले अमेरिकेचे राजदूत. त्यांनी २० ऑक्टोबरलाच, आतल्या बैठकीत, तुर्कस्तानचा सौदा करता येईल असं सुचवलं होतं. संकट टळल्यावर डिसेंबरात एका मोठ्या साप्ताहिकात लेख आला, की स्टीव्हन्सनना म्युनिक करायचं होतं. लिहिणाऱ्या दोघांतला एक केनेडींचा जवळचा मित्र. म्हणजे जो सौदा केनेडींनी स्वतः केला, तोच सुचवल्याबद्दल दुसऱ्याला भित्रा ठरवलं.

माझं म्हणणं एवढंच: सौदा शहाणपणाचा होता, तो लपवणं महागात पडलं. जॉन्सन त्या खोलीत बसून "दम दिला की समोरचा वाकतो" हा धडा शिकले आणि दोन-तीन वर्षांत तोच धडा व्हिएतनाममध्ये घेऊन गेले. मतं येऊ द्या.

रिकामटेकडा_७

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: ख्रुश्चेव्हने गुप्ततेची अट मान्यच का केली? त्याने दुसऱ्याच दिवशी "बघा, आम्ही तुर्कस्तान सोडवला" म्हणून रेडिओवर सांगितलं असतं तर केनेडी काय करणार होते?

घाटमाथा

लेख छान, पण निष्कर्ष पटला नाही. ज्युपिटर ही तशीही भंगारात जायला आलेली क्षेपणास्त्रं. उघड्यावर उभी, इंधन भरायला वेळ लागायचा, आधी हल्ला झाला तर पहिल्या तासात गेली असती. केनेडींनी ती काढण्याचा हुकूम आधीच दिलेला होता असंही वाचलंय. जे टाकूनच द्यायचं होतं ते देऊन समोरच्याची नवी कोरी क्षेपणास्त्रं परत पाठवली, याला सौदा म्हणायचं की हुशारी?

आणि जॉन्सनचं व्हिएतनाम इथून सुरू झालं म्हणणं म्हणजे फार लांब उडी. व्हिएतनाममध्ये अमेरिका १९६२ च्या आधीपासून गुंतत होती.

अनुस्वार

@घाटमाथा, "हुकूम आधीच दिला होता" हे रॉबर्ट केनेडींच्या पुस्तकातून पसरलेलं आहे. ऑगस्ट १९६२ मध्ये केनेडींनी विचारणा केली होती की ही काढण्यासाठी काय करावं लागेल ते तपासा. काढा असा हुकूम नव्हता. अडचण शस्त्राच्या जुनेपणाची नव्हतीच. तुर्कस्तानला ती हवी होती, आणि ऐन धमकीच्या वेळी अमेरिका मित्रांची शस्त्रं विकते असं दिसलं असतं तर सगळी नाटो हादरली असती.

केनेडींनी बैठका गुपचूप रेकॉर्ड केल्या होत्या हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्या ऐकल्या की त्या खोलीतली चित्रं बदलतात. २७ तारखेला केनेडी स्वतः म्हणतात, संयुक्त राष्ट्रांतल्या कुठल्याही माणसाला, कुठल्याही शहाण्या माणसाला हा सौदा रास्तच वाटेल. त्यांच्याभोवतीचे बहुतेक सल्लागार विरोधात. उलट पुस्तकात जे रॉबर्ट शांततेचे दूत म्हणून भेटतात, ते १६ तारखेला विचारत होते की 'मेन'सारखं एखादं जहाज पुन्हा बुडवून निमित्त काढता येईल का. ('मेन' ही अमेरिकी युद्धनौका. १८९८ मध्ये हवानाच्या बंदरात स्फोट होऊन बुडाली आणि त्यावरून स्पेनशी युद्ध झालं.)

आणखी एक. सौदा फिसकटला असता तर केनेडींकडे दुसरी वाटही तयार होती. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव उ थांट यांनीच अदलाबदलीचा प्रस्ताव मांडावा, म्हणजे तो मान्य करताना ख्रुश्चेव्हपुढे झुकल्यासारखं दिसणार नाही. मजकूर एका मध्यस्थाकडे देऊनही ठेवला होता. हे रस्क यांनी १९८७ मध्ये सांगितलं. हो, तेच पापणीवाले रस्क!

झिपरी

म्हणजे "समोरच्याची पापणी लवली" म्हणणाऱ्या माणसाला स्वतःला सगळं माहीत होतं आणि तो पंचवीस वर्षं गप्प होता. भारीच.

निवृत्त_नाना

मंडळी, त्या ऑक्टोबरात मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. खरं सांगू? आमच्याकडे क्युबा कुणाच्या गावीही नव्हतं. २० ऑक्टोबरला चीन नेफा (आजचा अरुणाचल) आणि लडाखमध्ये घुसला होता. पेपरात पहिल्या पानावर तवांग, वालाँग, आणि खाली कुठेतरी कोपऱ्यात केनेडी. बायका संरक्षण निधीत बांगड्या काढून देत होत्या. महिन्याभरात संरक्षणमंत्री मेनन गेले आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला. "हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला" हे तेव्हाचं.

माझा प्रश्न असा, की चीनने मुद्दाम तीच वेळ साधली का? दोन्ही बडे तिकडे अडकलेत तोवर इकडे हात मारून घ्यावा?

अनुस्वार

नानाकाका, तारखा मुद्दाम साधल्याचं दिसत नाही. चीनचा हल्ल्याचा निर्णय ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पक्का होत आला होता, अमेरिकेला क्युबातले फोटो मिळण्याच्या आधी. त्यामागची कारणं तिबेट, दलाई लामांचा भारतातला आश्रय, सीमेवरच्या आपल्या नव्या चौक्या अशी होती.

पण संबंध नाही असंही नाही, फक्त तो उलट्या बाजूने आहे. ख्रुश्चेव्हचं आणि माओचं तेव्हा फाटत चाललं होतं, आणि अमेरिकेशी गाठ पडल्यावर ख्रुश्चेव्हला निदान साम्यवादी घर एक आहे असं दाखवायचं होतं. म्हणून २५ ऑक्टोबरच्या 'प्रावदा'ने (सोव्हिएत पक्षाचं मुखपत्र) सीमावादात चीनची बाजू उचलून धरली. दिल्लीत धक्का बसला. क्युबाचं मिटल्यावर नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात 'प्रावदा'चा सूर पुन्हा तटस्थ! चीनने मग ख्रुश्चेव्हला दोन्हीकडून झोडपलं: क्षेपणास्त्रं नेली हा दुःसाहसवाद, आणि परत आणली ही शरणागती.

शेवटही जवळजवळ एकाच वेळी झाला. २० नोव्हेंबरला केनेडींनी नाकेबंदी उठवत असल्याचं जाहीर केलं आणि २१ला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. त्याच्या आदल्या दोन दिवसांत नेहरूंनी केनेडींना पत्रं लिहून लढाऊ विमानांची १२ स्क्वाड्रन मागितली होती. अलिप्ततेचं काय झालं हा वेगळा धागा होईल, इथे नको.

घाटमाथा

आलेच नेहरू. पाचवा नाही, सहावा प्रतिसाद लागला, एवढीच प्रगती. 😄

विषय निघालाच आहे तर, त्या 'प्रावदा'च्या अग्रलेखाने सगळ्यात मोठी गोची झाली असेल ती कॉम्रेड डांग्यांची. गिरणी कामगारांचा पुढारी, त्याच वर्षी पक्षाचे अध्यक्ष झालेले. मॉस्को म्हणतंय चीनचं बरोबर, आणि इकडे गिरणगावात लोक चिनी हल्ल्याने पेटलेले. तरी १ नोव्हेंबरला भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने चीनचा निषेध करून सरकारला पाठिंबा दिला. पक्षातल्या दुसऱ्या गटाला ते रुचलं नाही आणि १९६४ मध्ये पक्ष फुटला. फुटीला इतरही कारणं होती म्हणा. पण "साम्यवादी महासत्ता विरुद्ध लोकशाही महासत्ता" असं दोन रंगांत चित्र रंगवणाऱ्यांनी हा महिना नीट बघावा. दोन साम्यवादी एकमेकांच्या उरावर आणि मधे आपण.

पोफळी

धागाकर्त्यांनी स्टीव्हन्सनबद्दल हळहळ व्यक्त केली आहे, तर गोंयकार म्हणून चार ओळी लिहिणं भाग आहे. क्युबाच्या दहा महिने आधी, १८ डिसेंबर १९६१ला, सुरक्षा परिषदेत गोव्याचा विषय आला. भारताने सैन्य मागे घ्यावं असा ठराव, ७ विरुद्ध ४ मतं. सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला म्हणून तो पडला. त्या रात्री भारतावर सगळ्यात कडक बोलणारे कोण? हेच स्टीव्हन्सन. ही संयुक्त राष्ट्रांच्या अंताची सुरुवात ठरू शकते असा त्यांचा सूर होता. साडेचारशे वर्षं पोर्तुगीज बसले होते तेव्हा त्या संस्थेचा अंत दिसला नाही!

आणि समोर नकाराधिकार वापरणारे सोव्हिएत प्रतिनिधी झोरिन. म्हणजे २५ ऑक्टोबर १९६२ला ज्या दोघांची जुंपली (स्टीव्हन्सन विचारतात क्षेपणास्त्रं आहेत की नाहीत, झोरिन टाळतात, मग स्टीव्हन्सन म्हणतात नरक गोठेपर्यंत उत्तराची वाट बघायची माझी तयारी आहे, आणि फोटोंचे फळे मांडतात) तीच जोडी आमच्यासाठी आधी भांडून गेली होती. फक्त खरं बोलणारा आणि टाळाटाळ करणारा यांच्या जागा आमच्या वेळी वेगळ्या होत्या. तेव्हापासून मी महासत्तांची प्रमाणपत्रं जपून वाचते.

कंदीलवाला

@पोफळीताई, हा धागा लिहिताना गोव्याचा ठराव डोक्यात होताच, पण झोरिनही तेच होते हे जोडून बघितलं नव्हतं. झकास. गोव्याच्या भाषणामुळे स्टीव्हन्सनबद्दलची माझी हळहळ कमी होत नाही मात्र. माणूस एका ठिकाणी चुकला म्हणून दुसरीकडे त्याच्यावर झालेला अन्याय न्याय होत नाही.

@घाटमाथा, व्हिएतनाम क्युबातून "सुरू झालं" असं माझं म्हणणं नाही. पण किती ताणायचं, किती बाँब टाकले की हनोई वाकेल, हा हिशोब करणारी माणसं तीच होती. त्यांतल्या सगळ्यात वरच्या माणसाला क्युबाचं अर्धंच गणित दाखवलं होतं.

झिपरी

पाणबुडीचा किस्सा कोणी लिहिणार का? एका रशियन अधिकाऱ्याने "नाही" म्हटलं म्हणून जग वाचलं, तो.

अनुस्वार

बी-५९. तोही त्याच शनिवारचा. अमेरिकी विनाशिका तिला वर यायला लावण्यासाठी सरावाचे छोटे पाणबाँब टाकत होत्या. आत भयंकर उकाडा, बॅटरी संपत आलेली, मॉस्कोशी संपर्क तुटलेला. आणि पाणबुडीवर एक अणू-टॉर्पेडो आहे याची वर कोणालाही कल्पना नाही. कप्तान साव्हित्स्की संतापला आणि वासिली आर्खिपोव्ह या ताफ्याच्या अधिकाऱ्याने त्याला शांत केलं. पाणबुडी वर आली. तिथल्या माणसांच्या आठवणी तपशिलात एकमेकींशी जुळत नाहीत, त्यामुळे "तीन चाव्या, दोन मतं, एक नकार" अशी नाटकी आवृत्ती मी सांगणार नाही. टॉर्पेडो होता आणि ठिणगी पडायला पुरेसं कारण होतं, एवढं पुरे आहे. अमेरिकेत हे २००२ च्या हवानामधल्या परिषदेनंतर सर्वदूर कळलं.

माझ्या मते त्याहून भयंकर गोष्ट जमिनीवर होती. क्युबात सोव्हिएत सैन्य ४० हजारांवर होतं. अमेरिकी अंदाज त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्या सैन्याकडे जवळच्या लढाईत वापरायची छोटी अण्वस्त्रंही होती, चढाई करणाऱ्या सैन्यावर किनाऱ्यावरच डागायची. केनेडींचे सेनापती चढाईचा आग्रह धरत होते तेव्हा त्यांना हे ठाऊक नव्हतं. केनेडींचे संरक्षणमंत्री मॅकनामारा यांना १९९२ मध्ये, तेही हवानामध्ये, कळलं.

रिकामटेकडा_७

४० हजार माणसं न कळता नेली कशी??

अनुस्वार

मोहिमेचं नाव ठेवलं 'अनादिर', सैबेरियाच्या पार टोकाची नदी. कित्येक तुकड्यांना लोकरी कोट, फरच्या टोप्या आणि बर्फावर घसरायच्या पट्ट्या (स्की) दिल्या, म्हणजे उत्तरेला चाललोय असंच वाटावं. कप्तानांनी पाकिटं भर समुद्रात उघडायची. माणसं डेकखाली, विमानं जवळ आली तर वर यायचं नाही. बिचारे सैबेरियाच्या तयारीने निघाले आणि उसाच्या मळ्यांत उतरले.

निवृत्त_नाना

आणि क्युबाच्या माणसांचं काय? सगळी चर्चा वॉशिंग्टन-मॉस्को. ज्याच्या अंगणात हे चाललं त्या कॅस्ट्रोला कोणी विचारलं का?

पोफळी

नाना, नाही विचारलं. कॅस्ट्रोला माघारीची बातमी रेडिओवरूनच कळली आणि त्याचा संताप झाला. पण त्याचीही बाजू अगदी निरागस नाही हं. २६-२७च्या रात्री त्याने ख्रुश्चेव्हला पत्र लिहून सुचवलं होतं की अमेरिकेने क्युबावर चढाई केलीच तर तुम्ही अण्वस्त्रांचा पहिला वार करायला कचरू नका. ख्रुश्चेव्हला त्या पत्राने जास्त घाबरवलं असणार.

क्युबासाठी ही गोष्ट तेरा दिवसांची नव्हतीच. एप्रिल १९६१ मध्ये सीआयएने तयार केलेले सुमारे १४०० निर्वासित क्युबन डुकरांच्या उपसागरात उतरले, तीन दिवसांत फज्जा उडाला, हजारावर पकडले गेले. त्यानंतरही घातपाताच्या मोहिमा चालूच. आपल्यावर पुन्हा चढाई होणार हा काही त्यांच्या मनाचा खेळ नव्हता.

आणि शेवट २८ ऑक्टोबरलाही झाला नाही. ख्रुश्चेव्हचे उपपंतप्रधान मिकोयान नोव्हेंबरात हवानाला जाऊन तीन आठवड्यांवर बसले होते. तिथे असताना मॉस्कोत त्यांची बायको वारली, तरी ते परतले नाहीत. ती छोटी अण्वस्त्रं आमच्याकडे राहू द्या, असा कॅस्ट्रोचा आग्रह होता. मिकोयाननी ती ठेवू दिली नाहीत. अमेरिकेने मागितलीही नव्हती, तिला माहीतच कुठे होतं.

घाटमाथा

हे मिकोयानचं नव्याने कळलं. एक अवांतर: सौद्याची बोलणी चालू असताना निरोप कसे जात होते ते वाचून हसू येतं. दोब्रीनिननी लिहून ठेवलंय की सांकेतिक तार घ्यायला तार कंपनीचा पोऱ्या सायकलवर यायचा, आणि त्याने वाटेत कुठे रेंगाळू नये एवढीच प्रार्थना. ख्रुश्चेव्हचं २६चं पत्र पोचायला आणि उलगडायला अर्धा दिवस गेला. त्यावरूनच जून १९६३ मध्ये हॉटलाइनचा करार झाला. ती टेलिप्रिंटरची लाइन होती, सिनेमातला लाल फोन नव्हे. त्याच ऑगस्टमध्ये हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अवकाशातल्या अणुचाचण्यांवर बंदीचा करार. केनेडींच्या बाजूने बोलायचं तर भीतीतून काहीतरी कामाचं काढलं दोघांनी.

रिकामटेकडा_७

माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे. ख्रुश्चेव्ह गप्प का बसला?

अनुस्वार

कारण त्याने माघारीचा निर्णय तुर्कस्तानच्या जोरावर घेतलाच नव्हता. २८ला मॉस्कोबाहेर पक्षाच्या वरिष्ठ नेत्यांची बैठक बसली, तेव्हा सुरुवातीलाच त्याने १९१८ च्या ब्रेस्ट-लिटोव्हस्कची (जर्मनीशी केलेल्या तहाची) आठवण काढली. लेनिननेही क्रांती वाचवायला माघार घेतली होती, आपल्यालाही घ्यावी लागेल, अशी. दोब्रीनिनची तार बैठक चालू असताना आली. केनेडी पुन्हा टीव्हीवर बोलणार आहेत अशी बातमी होती, ती हल्ल्याची घोषणा असेल या धास्तीने उत्तराचा मजकूर धावतपळत रेडिओ केंद्रावर पाठवला. तुर्कस्तान त्याला वरकड मिळाला. वरकड मिळालेल्या गोष्टीसाठी तो गुप्ततेची अट मोडून केनेडींना तोंडघशी का पाडेल? केनेडी गेले तर पुढचा लमेच्या विचारांचा आला असता.

त्यामुळे धागाकर्त्यांच्या मांडणीत एक भोक आहे असं मला वाटतं. सौद्याने युद्ध टळलं हे सिद्ध होत नाही. भीतीने टळलं, दोघांच्याही.

कंदीलवाला

@अनुस्वार, बैठकीचा क्रम मान्य. पण तो क्रम केनेडींना माहीत नव्हता. शनिवारी संध्याकाळी त्यांच्यासमोर एवढंच होतं की विमान पडलंय, वैमानिक मेलाय आणि सेनापती सोमवारी हल्ला करा म्हणतायत. त्या माहितीवर त्यांनी ज्युपिटर देऊ केली, हे मी शहाणपण म्हणतो. ती कामी आली की नाही हा नंतरचा हिशोब.

ख्रुश्चेव्हच्या गप्प बसण्याची किंमतही त्यानेच चुकवली. १४ ऑक्टोबर १९६४ला त्याला काढलं तेव्हा आरोपांच्या यादीत क्युबाही होता. जगाच्या नजरेत तो शेपूट घालून पळालेला, आणि "तुर्कस्तान मी काढायला लावला" हे तो उघडपणे सांगू शकत नव्हता. इकडे निवडणूक लढवणाऱ्या राष्ट्राध्यक्षाने मतदारांपासून सौदा लपवला, तिकडे मतदारच नसलेल्या नेत्याला त्याच सौद्याबद्दल पक्षातल्या मंडळींनी घरी बसवलं. जाब द्यावा लागला तो त्याला.

@नाना, तवांग पडल्यावर तुमच्या गावात काय वातावरण होतं त्यावर वेगळा धागा काढा. चव्हाण दिल्लीला गेले त्या आठवड्याबद्दलही लिहा.